चुकलेला नेम

केदारला जायचं ठरलं तेव्हा शिवगंगाबाईनं आधी काठी घेतली, मग स्वेटर. अहमदपूरच्या बाजारातून निवडून आणलेली भरीव वेळूची काठी, खाली लोखंडी टोक. सहासष्ट वर्षांची बाई, नवरा गेल्यापासून बियाण्याचं दुकान एकटीनं ओढलेली. चढताना कुणाच्या खांद्यावर हात टाकणं तिला मंजूर नव्हतं. "मरायच्या आधी केदार करीन," असं तिनं नवऱ्याच्या समाधीवर हात ठेवून कबूल केलं होतं, आणि ही बाई कबूल केलेलं मोडणाऱ्यातली नव्हती.

बाकीची तयारी सुनेनं केली. वर्षाराणी लातूरला जाऊन डॉक्टरला विचारून आली आणि सगळं एका कागदावर लिहून कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. दोन महिने रोज सकाळी सासूच्या पाठीला पाच किलो हरभरा बांधून तिला दुकानावरचा तीन मजली जिना चढायला लावला.

"वर हवा पातळ असती, आत्याबाई. घाई करायची न्हाई. पाणी लई प्यायचं. गुप्तकाशीला एक दिवस नुसतं बसायचं, अंगाला सवय हुईस्तोवर. आन् कुणाचं डोकं ठणकाय लागलं, तोल जाय लागला, चिडचिड करून बरळाय लागला, तर तसंच खाली आणायचं. वाट बघायची न्हाई. न्हाईतर माणूस हातचा जातो."

"आन् देव?"

"देव तिथंच ऱ्हातो की."

शिवगंगाबाई हसली नाही. पण सातव्या आठवड्यात धाप लागायची थांबली, हे तिचं तिला कळलं. सुनेला सांगायची गरज तिला वाटली नाही.

एकुलता एक लेक वीरभद्र मात्र एक पायरी चढला नाही.

"बेचाळीस डिग्री उन्हात पोती उचलणारा माणूस हाय मी. मला जिना चढाय शिकवती का? गुप्तकाशीला बसाय मी काय हळदीला चाललोय? आन् ऐक, गौरीकुंडातून पाय उचलला की दर्शन हुईस्तोवर पाणी तोंडाला लावणार न्हाई. बोललोय मी देवाला."

"अवो, पाणी न्हाई पिलं तर तिथं—"

बोलणं पुरं झालं नाही.

वीरभद्रचा हात म्हणजे नेम. लहानपणी एका दगडात एक चिंच पाडायचा, दुसरा दगड कधी लागला नाही. आईला त्याचं केवढं कौतुक. लग्नानंतर तोच नेम बायकोच्या डाव्या कानावर आला. त्या कानानं तिला आता कमीच ऐकू यायचं. वर्षाराणी भिंतीवर आदळली आणि तिच्या खांद्याखाली तो कागद मधोमध फाटला. शिवगंगाबाईनं बघितलं, आणि दूध उतू जाईल म्हणून गॅस बारीक केला. लग्नाला बारा वर्षं झाली, या घरात याच्यापलीकडं कुणी काही केलं नव्हतं.

अहमदपूरहून पंधरा जण निघाले. म्होरके होते गुरुलिंगअप्पा, मऊ माणूस. वीरभद्रनं त्यांच्याशी कडाकडा भांडून गुप्तकाशीचा मुक्काम रद्द करवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्यांना गौरीकुंडातून चढाला लावलं.

शिवगंगाबाई काठी टेकत, मोजून पावलं टाकत, घोट घोट पाणी पीत चढली. वीरभद्र पुढं पळाला. दुपारी लिंचोलीच्या वर त्यांनी त्याला गाठलं तेव्हा तो खेचरवाल्याची गचांडी धरून उभा होता. ओठ जांभळे, डोळे तांबारलेले. खेचरवाल्याचं तोंड फुटलं होतं.

"काय केलंस रे?"

"माझ्याकडं बघून हसला त्यो!"

"तापट हाय आमचा वीरभद्र," गुरुलिंगअप्पा हात जोडत खेचरवाल्याला म्हणाले. "ऱ्हाऊ दे बाबा. चला, पुढं चला."

वर्षाराणीनं पाण्याची बाटली पुढं केली. "एक घोट घ्या. मी पाया पडते."

वीरभद्रनं हात उगारला, पूर्ण अंग झोकून. आणि तो हात बायकोच्या तोंडापासून वीतभर लांबून गेला, वाटेकडेच्या लोखंडी कठड्यावर आदळला. बोटांची सालटी निघाली. रक्त कठड्यावरून ओघळलं. त्यानं हाताकडं बघितलंसुद्धा नाही. कठड्यालाच शिव्या घालत राहिला.

शिवगंगाबाईनं सुनेचा दंड धरला.

"वर्षे," ती म्हणाली, "ह्याचा नेम चुकला."

"आत्याबाई?"

"ह्याचा नेम चुकत न्हाई. तू लिवलं होतंस, चिडचिड करतो, तोल जातो. मग सकाळधरनं बोलली का न्हाईस?"

वर्षाराणीनं सासूकडं सरळ बघितलं. "चिडचिड तर रोजचीच हाय, आत्याबाई. मी कशी वळखू?"

समोरच्या वळणाच्या वर केदारचा कळस दिसत होता. आणखी दीड तासाची वाट. शिवगंगाबाईनं एकदा तिकडं बघितलं आणि पाठ फिरवली.

"वीरू, चल खाली."

"खाली? मी? सोड!" त्यानं आईला ढकललं. ती दगडावर पडली, कोपर फुटलं. उठेपर्यंत तो झिंगल्यासारखा दरीच्या अंगाला निघाला होता. शिवगंगाबाईनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि मागून त्याच्या उजव्या गुडघ्यावर मारली. हाड वाजलं. तो ओरडून कोसळला आणि तिच्या पायाला धरून ओढू लागला. तिनं मनगटावर दुसरी मारली.

"आक्का, मारून टाकता का पोराला!" गुरुलिंगअप्पा ओरडले.

"तुम्ही देवाला जा!"

चौघांच्या खांद्यावरची एक रिकामी डोली खाली चालली होती. ती तिनं थांबवली. सासू-सुनेनं वीरभद्रला त्यात कोंबलं. बांधताना तो आईच्या दंडाला कडकडून चावला. तिनं दात सुटेपर्यंत त्याच्या थोबाडीत मारल्या आणि स्वतःच्या शालीनं गाठ आवळली. बारा वर्षांत आईनं पहिल्यांदा त्याच्यावर हात टाकला होता.

दिवेलागणीला गौरीकुंडाच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाला, आणखी चढला असता तर वाचला नसता. शुद्धीवर आल्यावर वीरभद्रनं विचारलं, "गुडघ्याला काय झालं?"

"मी मारलं."

"काहून?"

"खाली आणायला."

केदार राहिलाच. वीरभद्र महिनाभर लंगडला, मग नीट चालू लागला.

एका सकाळी भाकरी जाड झाली म्हणून त्यानं हात उचलला. नेम बरोबर बसला, डाव्या कानावर. वर्षाराणी स्वयंपाकाच्या ओट्यावर पडली.

गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं. शिवगंगाबाईनं तिकडं बघितलंच नाही. दाराआडची काठी घेऊन ती लेकाच्या समोर येऊन उभी राहिली.

वीरभद्र हसला. "माय, हितं काय केदारचा डोंगर हाय का? मी ठणठणीत हाय आता."

"म्हूनच," ती म्हणाली. "वर तू आजारी होतास. म्हून एकच गुडघा मोडला."