पहिली रेघ

"बाबा, तू बघणार आहेस ना?" इशबेलनं विचारलं.

"आणि कुंपणाकडे कोण बघणार? तुझी आत्या?" वॉटी फार्कर्सननं ओठांत धरलेले खिळे न काढताच उत्तर दिलं आणि पुन्हा हातोडा उचलला.

रात्रीच्या वाऱ्यानं कुंपणाच्या फळ्या जागोजागी आडव्या केल्या होत्या. फळ्या पडल्या की बर्फ गेलाच. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावाच्या वरच्या या डोंगरावर बर्फ नुसता पडून राहत नाही; वारा तो उडवत आणतो आणि कुंपण अडवून धरतं. वाराच इथला दाता, वाराच इथला चोर. दोन कुंपणांमध्ये उरलेल्या पांढऱ्या पट्टीवर, दोन्ही अंगांना हेदरची काळी झुडपं डोलत असताना इशबेल स्की शिकली. तिथूनच ती ऑस्ट्रियात, इटलीत, मोठ्या डोंगरांवरच्या मोठ्या शर्यतींना गेली.

गेली, पण गावानं तिला उतरताना पाहिलं नाही. नावाजलेल्या मुली आधी उतरत, इशबेलचा नंबर पार शेवटी. तोवर उतार नांगरलेल्या शेतासारखा झालेला असे. त्या खोल चरींतून वाट काढायला तिचे पाय शिकले होते. टीव्हीवाले मात्र तोवर थांबत नसत. बाबा चहाचा कप घेऊन बसायचा, पाच-पन्नास परक्या मुली बघायचा, आणि लेकीची पाळी यायच्या आत पडद्यावर बातम्या सुरू व्हायच्या. हिवाळ्यात कुंपण सोडून त्याला परदेशी जाता येत नव्हतं. पहिल्या तीसजणींना दुसरी फेरी मिळे. इशबेल एकदा एकतिसावी आली, तेव्हा एफीआत्यानं केक केला होता.

मग गुडघा गेला. दोनदा टाके पडले. शर्यती संपल्या, असं डॉक्टर म्हणाले. जपून एकदा उतरायचं तर उतर, इतकंच.

ते एकदा आज होतं. गावच्या मुलांच्या शर्यतीआधी कुणीतरी उतरून वाट खुली करायची असते. यंदा इशबेलनं करावी, असं एफीआत्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. सुपाचं पातेलं ढवळत ती भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली होती, "आजही हा फळ्याच ठोकत बसला, तर याला सूप नाही."

इशबेल वर पोचली. खाली वळसे घालायला रोवलेल्या निळ्या-तांबड्या काठ्या, आणि त्यांच्यामधून एकही रेघ नसलेला बर्फ. असा कोरा उतार तिला कधी मिळालाच नव्हता. कुंपणाजवळ बाबाची पाठ दिसत होती. हातोडा चालूच होता. ती निघाली.

पहिलं वळण छान गेलं, दुसरंही. तिसऱ्याला पाय सवयीनं चर शोधू लागले. दुसऱ्या कुणी पाडलेली, अंग टेकायला भिंतीसारखी चर. ती नव्हतीच. स्की बाहेर घसरल्या, काठी भलत्याच बाजूला राहिली, आणि इशबेल थेट कुंपणापाशी जाऊन बसली.

वॉटी समोरच होता. खिळे संपले होते. सुटलेल्या फळ्यांना पाठ लावून, हात पसरून, तो वाऱ्याला अडवत उताराकडे तोंड करून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"टीव्हीवाले काय लपवत होते, ते आज कळलं," तो म्हणाला.

इशबेलला हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसली. बाबाच्या मिशीवरचं हिमही थरथरलं. मग त्यानं नुसती हनुवटी वर केली.

इथल्या डोंगरावर लहानपणापासून हेच शिकवतात : काठी चुकली तर चढून जायचं, तिला नीट वळसा घालायचा, मग खाली यायचं. तिला ते यानंच शिकवलं होतं. ती आडव्या पावलांनी चढू लागली. गुडघा ठणकत होता. वर थांबलेल्या मुलांपैकी कुणी हसलं नाही. बहुतेकांनी अशी चढण चढलेली होती.

काठीला वळसा घालून ती पुन्हा सुटली. चर नाही तर नाही, आपणच पाडू. तिनं अंग झोकून दिलं, आणि बर्फ तिच्या पायांखाली चर्र चर्र बोलू लागला. खाली येऊन वळून पाहिलं, तर पांढऱ्यावर एकच रेघ होती. एका जागी चुकलेली, तिथूनच परत चढलेली, मग शेवटपर्यंत आलेली. तिच्यावरून मुलं एकामागून एक उतरू लागली.

शेवटचं मूल उतरेपर्यंत वॉटी कुंपणावरून हलला नाही. मग सावकाश खाली आला, एफीआत्याच्या हातून सुपाचा वाडगा घेतला आणि एक घोट पिऊन, उतारावरच्या रेघेकडे बघत म्हणाला, "वाईट नव्हतं."

एफीआत्याची पळी हातातच राहिली. तिच्या नवीन स्वयंपाकघरालासुद्धा तो इतकं म्हणाला नव्हता.

"हातोडा कुठंय?" इशबेलनं विचारलं.

त्यानं रिकामा हात पाहिला. "वर राहिला वाटतं."

"राहू दे. उद्या मुलांना शिकवायला घेऊन वर जायचंच आहे मला. आणीन."

तो सूप पीत पाठमोरा झाला. त्याच्या जाड कोटावर फळ्यांच्या पांढऱ्या पट्ट्या हिमानं उमटल्या होत्या, कुंपणासारख्या उभ्या. झटकायला इशबेलनं हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.