यकृतांचा खण

सतरा पुरुषांच्या यकृतांत एकाच बाईचे डीएनए सापडले. हे पुरुष एकमेकांच्या नात्यातले नव्हते, ओळखीचेही नव्हते. त्यांच्या शस्त्रक्रिया तीन वर्षांत निरनिराळ्या दिवशी झाल्या होत्या. बाई मात्र प्रत्येक वेळी तीच होती.

संशोधकाने सोमवारी सकाळी हा निकाल संग्रहप्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसण्याऐवजी दारातच उभा राहिला. वाईट बातमी आणणारी माणसे दाराजवळ का उभी राहतात, हे तिला कधीच कळले नव्हते.

ऊती-संग्रह तिने चार वर्षांपूर्वी उभा केला होता. इस्पितळाच्या तळघरात पूर्वी धुलाईघर होते; भिंतींतून साबणाचा वास अजून पुरता गेला नव्हता. तिथे तिने सात फ्रीझर बसवले आणि प्रत्येकाचा काटा उणे ऐंशीवर आणून ठेवला. शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या भागातला, निदान झाल्यावर उरलेला वाटाण्याएवढा तुकडा, रुग्णाच्या लेखी संमतीने, एका छोट्या कुपीत गोठवायचा. पुढे कुणी त्या रोगावर काम करील तेव्हा तो त्याला द्यायचा. काम एवढेच. या एवढ्याशा कामासाठी तिने शेहेचाळीस पानांची कार्यपद्धती लिहिली होती. तीत हातमोजे किती वेळा बदलावेत हे होते, मास्क होता, चिमटा कोणत्या द्रवात किती सेकंद बुडवावा तेही होते.

रक्ताची, चरबीची, पित्ताची तिला किळस नव्हती. किळस होती ती जिवंत माणसांच्या तोंडाची. संमतिपत्रांची पाने अंगठा चाटून उलटणाऱ्या कारकुनाला तिने स्वतः विकत आणून ओला स्पंज दिला होता. कारकून आता स्पंजाला अंगठा लावी, आणि मग सवयीने अंगठा चाटी.

"संसर्ग तुमच्याकडून झाला की माझ्याकडून?" तिने विचारले.

"माझ्या प्रयोगशाळेत बाई नाही, मॅडम. आम्ही तिघेही पुरुष. शिवाय तुमच्याकडून मूत्रपिंडाचे वीस नमुने नेले होते, ते स्वच्छ निघाले. फक्त यकृत."

"आणि फक्त पुरुष?"

संशोधक थोडा ओशाळला. "माझा अभ्यासच पुरुषांवर आहे. बायकांचे नमुने मी मागवलेच नाहीत."

म्हणजे सतरापैकी सतरा. यकृतांच्या खणात दोनशे बारा कुप्या होत्या, आणि तपासल्या तेवढ्या सगळ्या बाटलेल्या निघाल्या होत्या. बाईला पुरुषांची आवड होती, असे म्हणायला कोणताही आधार नव्हता.

दुपारपर्यंत ही गोष्ट वरच्या मजल्यापर्यंत गेली. इस्पितळाच्या देखरेख समितीने दोन ओळींचे पत्र पाठवले: शनिवारपर्यंत कारण सापडले नाही, तर यकृतांचा संपूर्ण खण भट्टीत घालावा. पत्रात 'नमुने' असा शब्द होता. तिला त्यातला एक क्रमांक पाठ होता: अठ्ठ्याऐंशी. तो तिच्या वडिलांचा होता. गाठ काढल्यावर आठ महिने ते जगले. संमतिपत्रावर सही करताना म्हणाले होते, "घे बाई. माझ्या तर काही कामाचं राहिलं नाही, निदान तुझ्या तरी उपयोगी पडू दे."

आई तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. ऊती-संग्रहाला ती आजही 'तुझं मटणाचं दुकान' म्हणे.

खाली तळघरात फ्रीझर पुसणारे दोघे परिचर हसत होते.

"मॅडम, खणात हडळ शिरलीय म्हणतात. सतरा नवरे केले तिने!"

"सतरा नाही रे, सतराच पकडलेत. बाकीचे गप्प बसलेत, घरी कळेल म्हणून."

"हडळीचे डीएनए माणसाचे निघत नाहीत," ती म्हणाली. "फडकी बदला. कालचीच आहेत."

फ्रीझरला हात लावणाऱ्या सहा जणींच्या गालांच्या आतून तिने कापसाच्या काडीने नमुने घेतले. पहिला स्वतःचा. दुसऱ्यांची तोंडे उघडी पाहताना तिने श्वास रोखून धरला. एकीच्या दातांत सकाळचे काहीतरी अडकले होते. बुधवारी निकाल आला. सहाजणींपैकी ती बाई कुणीच नव्हती.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. इस्पितळातल्या कुणीतरी तिच्या कानावर घातले होते.

"खरं का गं? यांच्यात कुठल्याशा बाईचं काहीतरी निघालं म्हणे?"

"सगळ्यांत निघालंय, आई. कारण शोधतेय."

"जन्मभर कुठल्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही त्यांनी. आता तुझ्या त्या डबीत बसून हे थेर!" आई हसली, मग तिचा आवाज बदलला. "जाळणार म्हणतात. एकदा जाळलंय मी त्यांना. परत नाही हं."

तिने बरे म्हणून फोन ठेवला. बरे म्हणण्याइतके तिच्या हातात काहीच नव्हते.

गुरुवारी सकाळी तिने समितीकडून एक कुपी उघडण्याची परवानगी घेतली. नियमाप्रमाणे कोणतीही चालली असती. तिने अंदाजाने अठ्ठ्याऐंशीच्या जागेवरची काढली. कुपीच्या बाहेर लेबल नव्हते. ते कुप्यांच्या डबीच्या तळाशी वाळल्या पानासारखे सुटून पडले होते; शेजारच्या आणखी दोन कुप्यांचीही तिथेच होती. झाकण फिरवल्यावर आत करडा-तपकिरी तुकडा दिसला, आणि त्याला चिकटलेली, नखाएवढी एक कागदी चिठ्ठी. जांभळ्या, वळणदार अक्षरात लिहिले होते: ८८, पु., वय ६७, यकृत.

शेहेचाळीस पानांत कुठेही चिठ्ठी नव्हती.

तिने संशोधकाला फोन लावला. "तुम्हाला दिलेल्या कुप्यांत चिठ्ठ्या होत्या?"

"होत्या की. यकृताच्या प्रत्येक कुपीत. मला वाटलं, तुमची पद्धतच आहे तशी."

"आणि हे मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

"कुठे आहेत त्या?"

"फेकून दिल्या. ओल्या होत्या, घाण."

अक्षर तिच्या ओळखीचे होते. बरणीमावशींचे. मावशींनी पस्तीस वर्षे शरीररचना विभागाच्या संग्रहालयात काढली होती. काचेच्या बरण्यांतली हृदये, मेंदू, दोन डोक्यांची अर्भके यांचे पाणी बदलण्यापासून नावे लिहिण्यापर्यंतची सगळी सेवा त्यांची. संग्रह उभा राहिला तेव्हा ती त्यांना मागून घेऊन आली, कारण त्यांच्याइतका स्थिर हात इमारतीत दुसरा नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. म्हणून सहाजणींच्या यादीत त्या नव्हत्या.

मावशी दोन खोल्यांत एकट्या राहत. स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांऐवजी काचेच्या बरण्या होत्या, आणि प्रत्येकीत काचेला आतून टेकवून एकेक चिठ्ठी: साखर, मीठ, बटणे, जुन्या किल्ल्या. अक्षर तेच, जांभळे.

"या, या बाई! मी म्हणतच होते, आठवण कशी झाली नाही." त्यांनी चहा टाकला. "संग्रह कसा चाललाय? त्या मेल्या लेबलांनी जीव खाल्ला असेल तुमचा."

"लेबलांनी?"

"सुटतात की ती! तुम्हाला सांगितलं होतं मी, पहिल्याच महिन्यात. यकृत तेलकट असतं, हातमोज्यांची चरबी कुपीला लागते, त्यावर लेबल कसलं बसतंय?"

तिला आठवले. फ्रीझरसमोर, घाईत, ती म्हणाली होती: मावशी, लेबल उणे ऐंशीलाही सुटत नाही, कंपनीने चाचणी केलेली आहे. नंतर तो विषय निघाला नव्हता.

"कोरड्या कुपीवर केली असेल चाचणी," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, वाद कशाला घाला? मी आपली आत चिठ्ठी टाकत गेले. बाहेरचं गेलं तरी आतलं राहतं. बरण्यांना आम्ही असंच करायचो. एका बरणीचं नाव हरवलं ना, की तो माणूस दुसऱ्यांदा मेला."

चहा चांगला होता. तिने अर्धा कप प्यायला.

"तुमचा नवा फोन नंबर लिहून द्या," मावशी म्हणाल्या, "नाही नाही, तुम्ही सांगा, मीच लिहिते." त्यांनी पेटीतून एक बोटभर लांबीची पेन्सिल काढली. मग जीभ बाहेर काढली, पेन्सिलीचे टोक जिभेच्या मधोमध ठेवले आणि सावकाश, दोन बोटांत धरून, दोनदा फिरवले. जिभेवर जांभळा, चकचकीत ठिपका उमटला. मावशींनी तो आत घेतला, गिळला, आणि पेन्सिल कागदावर टेकवली. "हं, सांगा."

 तिने कप खाली ठेवला आणि तो आपल्यापासून हातभर दूर सरकवला. कप त्यांनीच धुतला होता, एवढेच तिला सुचत होते.

"मावशी, चिठ्ठ्या अशाच लिहायचात?"

"मग? ओली केल्याशिवाय ही पेन्सिल उमटत नाही. ओली केली की अक्षर कागदात मुरतं, जन्मात जात नाही."

"तोंडावर मास्क होता ना?"

"लिहिताना हनुवटीवर घ्यायचे." मावशींनी तिच्याकडे नवलाने पाहिले. "असं काय विचारता? तुमच्यासमोरच तर लिहायचे. एकदा तर म्हणालात, मावशी, काय सुंदर अक्षर आहे."

म्हणाली होती. तेव्हा शेजारीच कुपी उघडी असणार. तपासणीच्या तक्त्यात हातमोज्यांची चौकट होती, मास्कची होती, चिमट्याची होती. तिने तिन्हींत खूण केली होती आणि तोंडाकडे पाहिले नव्हते. तोंडाकडे पाहायचे ती नेहमीच टाळत असे.

तिने सगळे सांगितले.  मावशींनी हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले, हाताकडे पाहिले, पुन्हा पुसले.

"म्हणजे माझी थुंकी त्या सगळ्यांच्या अंगात?"

"नमुन्यांत. वरच्या थरात."

"तुमच्या बाबांच्याही?"

"हो."

"त्यांची दोनदा लिहिली होती," मावशी हळूच म्हणाल्या. "पहिलीवर आठ नीट आला नव्हता. म्हटलं, बाईंचे वडील, अक्षर चांगलं हवं."

तिला पुन्हा किळस आली, पण या वेळी कशाची ते तिला नीट सांगता आले नसते.

तिने पिशवीतून कापसाची काडी काढली.

"थांबा, तोंड धुऊन येते," मावशी म्हणाल्या.

"नको. तसंच उघडा."

जिभेवर ठिपका अजून होता.

शुक्रवारी संध्याकाळी जुळणीचा निकाल आला. बाई तीच होती. शनिवारी समिती अर्ध्या तासात उठली. लाळ वरच्या थरातच असणार. कागदाचा स्पर्श झालेली बाजू गोठलेल्या स्थितीतच तासून टाकली की आतला भाग वापरता येईल, आणि परके डीएनए कुणाचे ते ठाऊक असल्याने उरलेसुरले ओळखून वगळता येईल. खण भट्टीत जाणार नाही. यासाठी सगळ्या दोनशे बारा कुप्या पाहाव्या लागल्या, तेव्हा एकाहत्तर कुप्यांची लेबले सुटलेली निघाली, त्या सगळ्या मावशींच्या काळातल्या. त्यांतला कोणता तुकडा कोणत्या माणसाचा, हे खात्रीने सांगणारे जगात दुसरे काहीच नव्हते. फक्त त्या चिठ्ठ्या.

आईला फोनवर तिने सांगितले: बाबांना जाळणार नाहीत.

"आणि ती बाई?"

"लाळ होती. आमच्या जुन्या मावशींची. पेन्सिल चाटून नाव लिहायच्या."

"शी! शी गं बाई!" आई बराच वेळ थुंकल्यासारखे आवाज काढत राहिली. मग म्हणाली, "नाव तरी नीट लिहिलं होतं ना?"

"नावं लिहीत नाहीत आम्ही. नंबर. नीट होता."

अहवालात कारणाचा रकाना उरला होता. तिने आधी लिहिले: 'कर्मचाऱ्याची सवय.' वाचले, खोडले, आणि सविस्तर लिहिले:

'यकृताच्या चरबीमुळे कुप्यांवरची लेबले चिकटत नाहीत. हे कर्मचाऱ्याने पहिल्याच महिन्यात संग्रहप्रमुखांना सांगितले. संग्रहप्रमुखांनी तेलकट कुपीवर लेबल लावून पाहिले नाही आणि तक्रार फेटाळली. म्हणून कर्मचाऱ्याने प्रत्येक कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घातली. ती पेन्सिल जिभेने ओली केली जात असे. संग्रहप्रमुखांनी हे होताना पाहिले होते.'