बॅटरीवाल्याचा निळा कोट

मित्रांनो, चार बटणं, त्यांतलं एक भलत्याच रंगाचं, कोपरांवर ठिगळं आणि खिशाचा कोपरा चघळून चघळून विरलेला, असा मी एक जुना निळा कोट आहे. जाड सुती कापडाचा. शिंप्यानं दुहेरी शिवण घातली तेव्हाच म्हणाला होता, "हा घालणाऱ्या माणसाआधी म्हातारा व्हायचा नाही."

माझा माणूस बॅटऱ्या दुरुस्त करणारा मिस्त्री. जुनी बॅटरी उघडायची, आतल्या शिशाच्या प्लेटा खरवडायच्या, शिसं वितळवून सांधे जोडायचे. ठिणग्या, आम्लाचे थेंब, राखाडी धूळ, सगळं मी छातीवर झेललं. कारखान्यात माझं कौतुक व्हायचं आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

पण खरं सुख संध्याकाळचं. थोरली लेक तेव्हा जेमतेम वर्षाची. बाबा दारात दिसला की रांगत यायची. तो मला न काढताच तिला आत घ्यायचा आणि वरून बटणं लावायचा. "बघ गं, दोन डोक्यांचा बाबा आला!" तिची आई हसून बेजार. लेक माझ्या खिशाचा कोपरा तोंडात धरून तिथेच झोपून जायची. मग आई मला दोनदा झटकायची, दारामागे अडकवायची आणि रविवारी लेकीच्या झबल्यांबरोबरच धुवायची. बापाच्या कष्टाचा कपडा, त्याला वेगळी बादली कशाला, असं तिला वाटायचं.

वर्षं गेली. थोरली तेरा वर्षांची झाली, घरात दहा महिन्यांचं बाळ रांगू लागलं, आणि आईच्या कपाळावरची आठी काही जाईना. थोरली गणित अर्ध्यावर टाकून उठायची. दूध गॅसवर ठेवून विसरायची. एवढंसं बोललं की वही भिरकावायची आणि पाच मिनिटांनी स्वतःच रडत बसायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण लक्ष म्हणून नाही."

"वय आहे ते," मिस्त्री म्हणाला. "मी तरी त्या वयात कुठे शहाणा होतो?"

"तुमचं राहू द्या, तुम्ही अजून व्हायचे आहात," आई म्हणाली. "पण मला हे नुसतं वयाचं वाटत नाही. मी दोन्ही मुलांना दाखवून आणणार."

दवाखान्यात जे झालं ते मी दारामागे लटकूनच ऐकलं, आई मिस्त्रीला सांगत होती तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी एक साधा प्रश्न विचारला होता, जो आजवर कुणीच विचारला नव्हता: घरात कोण काय काम करतं? मग रक्त तपासलं. दोन्ही मुलांच्या रक्तात शिसं निघालं. बाळाच्या जास्त.

"लहानपणी शिसं पोटात गेलं की घडत्या मेंदूत लुडबुड करतं म्हणे," आई सांगत होती. "लक्ष धरून ठेवायचं, रागाला लगाम घालायचा, हे मेंदू मोठं होता होता शिकतो. तेव्हा कुठे ती खोट उघडी पडते. थोरलीचं सगळं त्यामुळेच, असं त्या छातीठोक सांगत नाहीत. पण बाळाच्या पोटात जाणारं आजच थांबवा म्हणाल्या."

बोलता बोलता तिची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. माझ्या खालीच बाळ बसलं होतं. फरशीवर तळवे थापटत होतं आणि तेच तळवे तोंडात घालत होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी जाळलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"वीस वर्षं हेच काम करतोय मी," मिस्त्री तडकला. "मला काय धाड भरलीय?"

"डोळ्यांवर चष्मा असताना घरभर चष्मा शोधता, ती."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?"

"रोज झटकत कोण होतं? मीच ना? दोष वाटत बसायला मला वेळ नाही. मला बाळ वाचवायचंय."

तिनं मला पिशवीत कोंबून गाठ मारली, फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसून काढली आणि दुसऱ्या सकाळी बाळाला शेजाऱ्यांकडे ठेवून, मला घेऊन ती मिस्त्रीबरोबर थेट कारखान्यात आली. मालकाला म्हणाली, "कोट इथेच राहील, इथेच धुतला जाईल. घरी निघताना हातपाय धुवायला नळ हवा, साबण हवा आणि घरचे कपडे ठेवायला बंद कपाट हवं."

"वहिनी, इतक्या वर्षांत कुणाची बायको कोट घेऊन भांडायला आली नाही."

"मग मी पहिली. बसू कुठे? हो म्हणेपर्यंत थांबणार आहे मी."

मालक मिस्त्रीकडे बघून हसला. "काय रे, घरात कोण कोट घालतं?" सगळे हसले. भट्टीवर शिसं वितळवणारा म्हातारा मात्र हसला नाही. तो आपल्या कोटाची बटणं काढत म्हणाला, "मालक, माझा नातूपण याच कोटाला लोंबकळतो." मग एकेक जण कोट काढून ठेवू लागला. महिन्याभरात नळ आला.

थोरलीनं आईला एकदा विचारलं होतं, "मी ढ आहे का गं?" आई म्हणाली, "मुळीच नाही. तुझ्या डोक्याला चढण जास्त आहे, एवढंच. आपण दमलो की थांबू, पण चढू." आता दोघी एका वेळी एकच गणित घेऊन बसतात. नव्या तपासणीत बाळाच्या रक्तातलं शिसं बरंच उतरलंय, थोरलीचं थोडं. गेलेलं सगळं परत येईल असं कुणी म्हणत नाही. पण नवीन काही जात नाही. हे मला मिस्त्रीच्या बोलण्यातून कळतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी शिशाचं, रंगाचं, भट्टीचं काम करत असेल, तर त्याचा कामाचा कपडा उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नका. माया कितीही असो, आधी हातपाय धुवा, मग मिठी मारा. आणि एखादं पोर विसरलं, चिडलं, तर त्याला वेंधळं म्हणण्याआधी ते कशात वाढलं ते पाहा.

काल मिस्त्री माझी बटणं लावता लावता त्या भट्टीवाल्या म्हाताऱ्याला सांगत होता, बाळ चालायला लागलं. चार पावलं, मग धपकन. मी ते पाहिलं नाही. मला ते कधी दिसूही नये.