कातळाला न टेकलेला पाइप

मित्रांनो, मी एका बोअरचा जुना केसिंग पाइप आहे. मल्लेश्वरममधल्या एका अंगणात, रामफळाच्या झाडाशेजारी माझं तोंड जमिनीबाहेर दिसतं. बाकीचा मी चाळीस फूट खाली, अंधारात आहे. माती आत ढासळू नये आणि वरचं घाण पाणी खालच्या स्वच्छ पाण्यात मिसळू नये, म्हणून आम्हाला घालतात. पण त्यासाठी आमचा पाय कातळात घट्ट बसावा लागतो.

माझा बसला नाही.

मला उतरवलं ते बोअर मारणाऱ्या श्रीहरींनी. त्यांचा हात सफाईचा होता. पण त्या दिवशी त्यांना येलहंक्याला दुसऱ्या बोअरचं काम गाठायचं होतं. कातळ अजून लागलेला नाही, हे यंत्राच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मला मुरमातच सोडलं. पाणी भरपूर लागलं. घरच्या प्रमोदिनीबाईंनी पेढे वाटले आणि माझं फार कौतुक झालं.

मग कितीतरी वर्षं अर्धवट झोपेत सरली. वरून पावलं ऐकू येत, खालून पाण्याची कुजबुज. एकदा गल्लीतलं गटार फुटलं आणि ते पाणी माझ्या पायाखालून हळूच आत सरकलं. मला ते कळत होतं, अडवता येत नव्हतं. बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला. प्रमोदिनीबाईंनी माझ्यावर झाकण ठेवलं, झाकणावर तुळशीची कुंडी.

पुढे बोअर मारणाऱ्यांना परवान्यासाठी परीक्षा आली. स्वतः मारलेल्या तीन बोअर दाखवायच्या होत्या. श्रीहरींनी दोन चांगल्या दाखवल्या. तिसरी दाखवायला ते परीक्षक वसुमती मॅडमना घेऊन माझ्यापाशी आले आणि त्यांनी कुंडी बाजूला केली.

"अक्का, हा पाइप मी कातळापर्यंत नेला नव्हता," ते प्रमोदिनीबाईंना म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

श्रीहरी थोडे थांबले. "त्याच दिवशी."

बाई घरात गेल्या. आतून खुर्ची आणून त्या माझ्याशेजारी बसल्या. "मग आता नीट करा. मी इथेच बसते."

वसुमती मॅडमनी परवाना अडवला. आधी ही बोअर दुरुस्त करा, मग या, असं त्यांनी सांगितलं. श्रीहरींनी माझ्या आतून बारीक पाइप थेट कातळात उतरवला, मधल्या फटीत सिमेंट भरलं आणि ते सुकेपर्यंत पंपाला कोणाला हात लावू दिला नाही. पहिल्या तपासणीत पाणी नापास झालं, दुसऱ्या वेळी स्वच्छ निघालं. सहा महिन्यांनी श्रीहरींना परवाना मिळाला.

आता मला पोचता आलं नाही तिथे तो बारीक पाइप पोचला आहे. कातळाचा गारवा त्याच्या अंगावरून चढत माझ्यापर्यंत येतो आणि मी पुन्हा पेंगतो.

मित्रांनो, तुमच्या घरी बोअर मारायला कोणी आलं, तर परवाना जरूर बघा. पाइप कातळाला टेकला का, हेही विचारा. उत्तर देताना तो माणूस थोडा थांबला, तर त्याला वेळ द्या.