एकशे सातचं पाकीट

सिस्टरनी नोंदवहीवर फूटपट्टी आडवी धरली आणि ओळीओळीनं खाली सरकवत नेली.

“एकशे सात नंबरची मुलगी,” समोर बसलेल्या मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. “लिहिण्याआधीचे सहा महिने?”

“एकवीस वेळा आली. दर वेळी डोकेदुखी.”

“आणि नंतरचे सहा?”

फूटपट्टी शेवटच्या पानापर्यंत गेली. “एकदाही नाही.”

मॅडमना खुर्चीत बसवेना. “बघा! मी म्हणत नव्हते? चार दिवस, रोज वीस मिनिटं, मनात सलतं ते कागदावर उतरवायचं. बस्स. सहा महिने झाले तरी गुण टिकून आहे! या पोरीनं माझ्या अभ्यासाचं सोनं केलं, सिस्टर.”

सिस्टरनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मुलीला या प्रयोगात त्यांनीच तर धाडलं होतं. कॉलेजच्या या दवाखान्यात ती मधल्या सुट्टीत यायची, गोळी घ्यायची आणि पाणी संपलं तरी पेला हातात धरून बाकावर बसून राहायची. एकदा म्हणाली, “सिस्टर, घरी ना…” नेमके तेव्हा दारात पाय मुरगळलेले, ताप आलेले, परीक्षा चुकवायला आलेले असे सात-आठ जण ताटकळत होते.

“अगं, मॅडमच्या प्रयोगात नाव दे,” सिस्टर म्हणाल्या. “तिथे लिही सगळं. कुणी म्हणजे कुणी वाचत नाही.”

आणि खरंच कुणी वाचलं नाही. त्या बाबतीत सिस्टर भलत्याच काटेकोर. मुलांनी लिहिलेले कागद पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचं आणि दवाखान्यात आणून द्यायचं, कारण कुलपाचं कपाट तेवढं इथेच. बाकीची पोरं डिंकावर वरून चिकटपट्टीही मारायची. एकशे सातचं पाकीट मात्र चारही दिवस उघडंच आलं. वेंधळी कुठली, असं पुटपुटत सिस्टरनी रोज स्वतः डिंक लावला आणि वरून मुठीनं दाबलं. चौथ्या दिवशी तर मुलगी समोर उभी राहून बघत होती.

“झालं. आता काळजी नको,” सिस्टर तिला म्हणाल्या होत्या.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. ठरल्याप्रमाणे आता पाकिटं नष्ट करायची होती. शिपायानं तीन पोती भरून नेली आणि शेजारच्या खोलीतलं कागद कापायचं यंत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत घरघरत राहिलं. सिस्टरनी रिकामं कपाट पुसलं आणि त्यात बँडेजं रचली. कधीपासून जागेची अडचण होतीच.

दुपारी तीच मुलगी दारात दिसली. गुडघा फुटलेल्या मैत्रिणीला खांद्याचा आधार देत आत आणत होती.

“काय गं, किती दिवसांनी!” मैत्रिणीची जखम धुता धुता सिस्टर म्हणाल्या. “डोकं थांबलं ना दुखायचं?”

“नाही. दुखतं की.”

सिस्टरचा हात थांबला. “मग येत का नाहीस?”

“गोळी काय, बाहेरही मिळते.”

“पण तू लिहिलंस ना ते सगळं? मोकळं नाही वाटलं?”

“लिहिलं होतं.” मुलगी कपाटाकडे बघत होती. दार सताड उघडं होतं, आत बँडेजं. “चिकटवायला विसरले नव्हते मी, सिस्टर.”

सिस्टरनी कशीबशी पट्टी बांधून संपवली, हात धुतले, पुन्हा धुतले. पेला भरून बाकावर ठेवला.

“बस ना जरा. आज कुणी नाहीये. बस, मला सांग.”

मुलगी बसली नाही. सिस्टरनी घाईघाईनं नोंदवही ओढली, तारीख घातली आणि तिचं नाव लिहायला घेतलं. दोन अक्षरं झाली असतील, मुलीनं ती उलट्या बाजूनं वाचली.

“माझं नको,” ती म्हणाली. “मी हिच्यासोबत आलेय.”