टोप काढायची रीत

हसू नका, मित्रांनो. मी केसांचा टोप आहे आणि चांगला म्हातारा आहे. मागच्या बाजूला मला टक्कल पडलंय. टोपाला टक्कल! पण मीही एके काळी काळाभोर होतो, ते आधी ऐकून घ्या.

पूर्वी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात केसांवर फुगे देणारे दारोदार फिरत. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ देत आणि पोरांना फुगे मिळत. ते गुंतवळ सोडवून, धुऊन, मेहकरच्या कय्यूमभाईंनी एकेक बट करून जाळीच्या कापडावर शिवलं. तोच मी. माझ्यात कुण्या रुखमाबाईचे केस आहेत, कुण्या मुबीनाचेही आहेत. कोणते कुणाचे, ते मलाही सांगता यायचं नाही.

वरवट बकालच्या पंजाबरावांचं गाण्याचं मंडळ होतं. त्यांनी मला विकत घेतलं. मंडळात बाईची सोंगं पुरुषच घेत. त्यांच्यातला गोविंदा माझ्याखाली गोदा होई. काय सांगू त्याचा थाट! आरशात बघून तो हळूच म्हणे, "आली बाई मी एकदाची." लोक त्याला सोंग म्हणत. पण खरं सोंग तो दिवसा, धोतर नेसून शेतात करी. हे फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या मंडळाची एक रीत होती आणि तिचा मला भारी राग यायचा. शेवटचं गाणं झालं की पंजाबराव पुढे येऊन मला ओढून काढत. मग गोविंदाला मोठ्यानं म्हणावं लागे, "मी गोविंदा, गडी माणूस. राम राम मंडळी!" पंजाबराव दुष्ट नव्हते हो. ते म्हणत, "टोप काढतो म्हणून गाव पंगतीत बसवते. नाही तं हाणतीन बे!"

एका जत्रेत गोविंदानं हात जोडले. "आजच्या दिवस राहू द्या ना, दादा."

पंजाबराव घाबरले आणि त्यांनी हिसका दिला. माझ्या मागच्या बटा उपटून आल्या. गोविंदानं ते वाक्य म्हटलं, पण त्यानंतर तो कधीच नाचला नाही. मीही गोविंदाच्या घरी पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात जाऊन पडलो. तरी कसरीनं मला खाल्लं. कधीमधी गोविंदा झाकण उघडी, माझ्यावरून हात फिरवी आणि पुन्हा बंद करी. फार वाईट वाटायचं.

वर्षं लोटली आणि मेहकरहून मयुरी आली. जन्मली तेव्हा तिला सगळे मुलगा म्हणाले. आपण मुलगी आहोत, हे तिनं घरात भांडून पटवलं. तिला कॅबरे करायचा होता. म्हणजे गाणी, नाच, टवाळकी आणि मधूनमधून मनातलं बोलणं. आपल्यासारखी माणसं आधी कशी जगली, ते तिला गाऊन सांगायचं होतं. मंडळाची जुनी गाणी मात्र पंजाबरावांनाच तोंडपाठ होती.

"गाणे ने," काठी टेकत पंजाबराव म्हणाले, "पण शेवटी रीत झाली पाह्यजे."

"मग नकोत मला!" मयुरी तडकली.

"चिडू नोको, पोरी," गोविंदा शांतपणे म्हणाला. "रीत मी करतो."

मला तो जत्रेतला हिसका आठवला.

मेहकरच्या सभागृहात संध्याकाळी गर्दी झाली. मयुरी गायली. ज्या कायद्यानं बाईनं बाईवर, पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाला गुन्हा ठरवलं होतं आणि जो कोर्टानं मोडीत काढला, त्याचीही तिनं गाण्यात खिल्ली उडवली. आयुष्यभर एका घरात राहिलेल्या, लोकांनी नुसत्या मैत्रिणी म्हटलेल्या दोघींचं गाणं तिनं गायलं. मग म्हणाली, "आता आमच्या गोदामावशी."

हिरवं नऊवारी लुगडं नेसून, मला डोक्यावर घेऊन, सत्तरी ओलांडलेली गोदा उभी राहिली.

"आरशातली बाई मले वळखीची वाटते,
मी हासली का हासते, रडली का गळा दाटते."

गाणं संपलं. पंजाबराव पहिल्या रांगेतच बसले होते. ते उठायच्या आत गोदानं स्वतःच मला काढलं. दिव्यांखाली तिचं उघडं, केस गेलेलं डोकं दिसलं.

"मी गोदा," ती म्हणाली. "टोप डोक्यावर होता तवाही बाई होती. आता हातात हाये, तरी बाईच हाये. राम राम मंडळी!"

सगळे पंजाबरावांकडे बघू लागले. पंजाबराव काठीवर भार देऊन उठले. मला वाटलं, संपलं सगळं.

"गोदे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पदर सावर. पडून राह्यला."

मग मात्र टाळ्या थांबेनात. मयुरी एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळे गोदा आहे. कसलं काय! ती होतीच. आता ती मला शिकेकाईनं धुते, सावलीत वाळवते. तुम्हीही जुन्या वस्तू जपा, कसर लागू देऊ नका. आणि कुणाच्या डोक्यावरचं काही कधी हिसकून काढू नका. काढायचं की ठेवायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

परवा गोदा मला घालून भरदुपारी बाजारात निघाली. शेजारणीनं विचारलं, "काऊन वं, आज टोप?"

"ऊन लागून राह्यलं बाई," गोदा म्हणाली आणि पिशवी घेऊन चालू लागली.