पहिल्यावरून माप

एकसारखे नग कापायचे असतील तर माप पहिल्या नगावरून घ्यायचं, आत्ताच कापलेल्या नगावरून नाही. हा धडा मी कितीजणांना कान पिळून शिकवला असेल. हाताशी असलेल्यावरून माप घेत गेलं की दर खेपेला पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक चढत जाते. आणि चर्चच्या कठड्याचे चोवीस खांब कापताना मी, साठी ओलांडलेला सुतार, नेमकं तेच करून बसलो.

हे काम पाळकांनी मलाच का दिलं ते मला कळत होतं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरी घ्यायला मंडळी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. मी अकरा वर्षं दर रविवारी चर्चला जात होतो, पण तिथपर्यंत कधी गेलो नव्हतो. शेवटच्या बाकावर खिशात हात घालून बसायचो. पाळक म्हणाले, "स्वतःच्या हातच्या कठड्यापाशी तरी याल ना?" मी म्हणालो, "आधी काम तर होऊ द्या." या माणसाशी भांडताही येत नाही, कारण तो चिडतच नाही.

गुरुवारी दुपारी धाकटा भाऊ दुकानात आला. पॉलिशचं काम त्याचं. त्याने पहिला आणि चोविसावा खांब शेजारी शेजारी उभे केले आणि हसत सुटला.

"दादा, हा बघ. बोटाच्या जाडीएवढा वाढलाय. खायला काय घातलंस याला?"

"दात काढू नकोस. मन ठिकाणावर नव्हतं."

"असेल कसं? समोर ही टांगून ठेवलीयस."

ही म्हणजे फळी. माझ्या कामाच्या ठोकळ्यासमोर, नेमकी डोळ्यांच्या उंचीवर. अकरा वर्षांपूर्वी मी सकाळपासून प्यायलेला होतो. काम लवकर उरकावं म्हणून मशीनच्या करवतीवरचं झाकण मीच काढलं होतं. धाकटा कचरत होता, तर मी ओरडलो, "बायकोला विचारून येतोस का? ढकल!" त्याने ही फळी करवतीत ढकलली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या हाताने तो लाकडात पानं-फुलं कोरायचा, पाहणारा हात लावून बघायचा. दवाखान्यातच त्याने मला माफ केलं. मी दारू सोडली, प्रभूच्या पायाशी आलो, पण ती डाग पडलेली फळी सोडली नाही. माझी दहाही बोटं शाबूत होती याची मला लाज वाटायची, अजूनही वाटत होती.

"खांब लांब झालेत, आखूड नाहीत," धाकटा म्हणाला. "पहिल्यावरून माप घे, कापून टाक. कठड्याच्या वरच्या फळीचं काय?"

"दोन हात लाकूड कमी पडतंय. या जातीचं वाळलेलं कुठे मिळेना."

तो सरळ भिंतीपाशी गेला आणि त्याने फळी खाली उतरवली.

"हात लावू नकोस तिला!" मी खेकसलो.

"का? रक्त माझं, बोटं माझी. मी त्याच दिवशी सोडून दिलं. तू कोण राखण करणारा?"

"मला शिक्षा नको का काही?"

"प्रभूने माफ केलं म्हणतोस, मी केलं. आता तुझं कोर्ट त्याच्याही वरचं का, दादा?" त्याचा आवाज चढला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "अकरा वर्षं झाली, तू माझ्याकडे बघतोस तेव्हा हाताकडे बघतोस. मला माझा भाऊ हवाय."

त्याने फळी ठोकळ्यावर ठेवली आणि रंधा माझ्यापुढे सरकवला.

मी रंधा उचलला. मला वाटायचं, तो डाग पार खालपर्यंत उतरला असेल. रंध्याच्या पहिल्या हाताला काळी ढलपी निघाली. दुसऱ्या हाताला तपकिरी. तिसऱ्या हाताला खाली स्वच्छ लाकूड होतं. एवढासा होता तो डाग! मी रंधा टाकला आणि लहान पोरासारखा रडलो. मग सवयीने ती काळी ढलपी उचलायला वाकलो, तर धाकट्याने तिच्यावर पाय ठेवला.

"ती केरात जाईल," तो म्हणाला. केर त्यानेच काढला.

बाकीचे तेवीसही खांब मी पुन्हा पहिल्याला लावून कापले. रंधलेली फळी कठड्याच्या वरच्या फळीला जोडली आणि शनिवारी कठडा बसवला. पाळक वरच्या फळीवरून हात फिरवत म्हणाले, "सांधा कुठे आहे ते कळतसुद्धा नाही." मला कळत होतं.

रविवारी मंडळी पुढे जाऊ लागली तेव्हा मी उठलो. शेवटच्या बाकापासून तिथवर जायला एवढी पावलं लागतात हे मला माहीत नव्हतं. सांध्यापाशीच जागा मिळाली, मी गुडघे टेकले. भाकरीचं ताट त्या दिवशी पाळकांनी धाकट्याकडे दिलं होतं. एकेकाला देत तो माझ्यापुढे येऊन थांबला. उरलेल्या तीन बोटांत त्याने तुकडा धरला होता.

या वेळी मी त्याच्या हाताकडे नाही, तोंडाकडे पाहिलं.

"घे, दादा," तो म्हणाला.

मी खिशातून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याच्यापुढे पसरले.